कांचनभटाकडून काकूंना

तीर्थस्वरूप काकूंस सा. न.

'संगीत शारदा'तले प्रवेश बसवायचं ठरलं आणि कांचनभट माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी तो हात चोळत, ओरडत करत होतो. पैशाला हपापलेला बाप, त्यात आणखी काय असणार? तुम्ही तालीम थांबवलीत. म्हणालात, "अरे, हा माणूस घरी रोज पूजा करत असेल. पोरीला मोठं घर मिळतंय असं स्वतःला पटवूनच तो पैसे घेतो. हळू बोल."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, गुडघे दुखत असतानाही, तुम्ही आम्हाला अख्खं नाटक वाचून दाखवलंत, पदांसकट. देवलांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग 1899 मध्ये आपल्या इंदुरातच झाला, हे सांगताना तुमचा आवाज कापरा झाला होता. माहितीपत्रकात मी शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून पडलं, असं लिहून टाकलं होतं. 1929 चा तो बालविवाह रोखणारा कायदा हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला जातो, हे तुम्ही छापण्याआधीच सांगितलंत. त्याबद्दलही आभार.

पण खरं ऋण वेगळंच आहे. 'म्हातारा इतुका न' म्हणताना आम्ही सगळे हसत होतो. पद संपल्यावर तुम्ही विचारलंत, शारदेचं म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेलं लग्न शेवटी मोडतं कशानं? मी म्हटलं, त्या तरुण कोदंडामुळे. "कोदंड काय सांगतो? वर-वधू सगोत्र आहेत, हे. गोत्र वेगळं असतं तर? पोरीचं रडणं तर सगळ्यांना आधीपासून ऐकू येत होतं." मला उत्तर देता आलं नाही.

काकू, तेव्हा आमच्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलाचं पॅकेज, विजयनगरचा फ्लॅट, दोन्हीकडची माणसं, सगळं मी तोंडपाठ सांगत होतो. याद्यांची तारीखही जवळजवळ ठरली होती. त्या रात्री घरी जाऊन मी पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला तो आवडलाय का?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, अजून दोनदा भेटू दे. मग सांगते."

याद्या पुढे ढकलल्या आहेत. तिकडच्यांना मीच फोन केला. आवाज चढवला नाही, तुम्ही शिकवलंत तसाच बोललो.

तुमची 'शारदा'ची जुनी प्रत आमच्याकडेच आहे. मुलगी ती वाचते आहे, सुटलेली पानं तिनं नीट चिकटवली आहेत. रविवारी दोघं परत द्यायला येतो.

तुमचा,
कांचनभट