फुकटचं कपाट

लेस्टर,
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पैसे पोचल्याचं वहिनींच्या मेसेजवरून कळलं. परवा फोनवर तू म्हणालास, सिगारेट कंपनीचा माणूस आपल्या दुकानासाठी नवा बोर्ड, आत लाईट असलेलं कपाट आणि वर महिन्याला काही रक्कम द्यायला तयार आहे. "फुकट फर्निचर मिळतंय, नाही कशाला म्हणायचं?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय राहिला. म्हणून लिहितोय.

मी संध्याकाळी ज्या दुकानात काम करतो, तिथले शेठ मूळचे कंपालाचे गुजराती. १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने हाकलल्यावर कुटुंबासोबत इथे आले. पेपर, दूध, ब्रेड, गोळ्या-चॉकलेटं आणि सिगारेट. गल्ल्यामागे अगदी असंच कपाट आहे, तेही कंपनीनेच दिलेलं. शेठ सांगतात, तेव्हा कंपनीचा माणूस येऊन कुठला ब्रँड डोळ्यांसमोरच्या फळीवर आणि कुठला खाली, हे ठरवून जायचा. पुढच्या फेरीत मांडणी बदललेली दिसली की कुरकुर. दुकान शेठचं, पण ती भिंत कंपनीची! चॉकलेटसाठी आलेलं पोर पैसे देताना बघणार कुठे? समोर, त्या उजेडाकडे. गल्ल्यामागच्या जागेला एवढा भाव येतो तो उगाच नाही.

म्हणूनच इंग्लंडमध्ये २०१२ साली मोठ्या दुकानांत आणि ६ एप्रिल २०१५ पासून आमच्यासारख्या छोट्या दुकानांतही सिगारेट दिसेल अशी ठेवायला बंदी आली. आता त्या कपाटाला करडी सरकती दारं आहेत. गिऱ्हाईकाने मागितलं की दार वीतभर सरकवायचं, पाकीट काढायचं, लगेच लावायचं. २०१७ पासून सगळी पाकिटंही एकाच शेवाळी-तपकिरी रंगाची, नावं एकाच ठशाच्या बारीक अक्षरात. घाईत भलतंच पाकीट हातात येतं. दहा सिगारेटींची स्वस्त पाकिटंही तेव्हाच गेली. पोरांच्या खिशाला तीच परवडायची.

पण कंपन्या गप्प बसतात होय! दार बंद झालं, तर वेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटी, गल्ल्यावर आले. गुलाबी, निळे, कलिंगडाच्या आणि बबलगमच्या चवीचे, गोळ्यांच्या बरण्यांना खेटून. दुपारी शाळा सुटली की गणवेशातली पोरं तिथेच घुटमळतात. अठराच्या आतल्यांना विकायचे नाहीत, त्यामुळे ओळखपत्र मागतो, शिव्याही खातो. वापरून फेकायच्या वेपवर यंदा १ जूनला बंदी आली, तर तशाच रूपाचे चार्जिंगवाले आले. शेठना हे पटत नाही, पण नफा त्यातच आहे, तेही उघडच बोलतात.

आता आपलं. आपल्याकडचा कोटपा, म्हणजे तंबाखूच्या जाहिराती-विक्रीवरचा कायदा, २००३ चा आहे. दुकानावर बोर्ड चालतो, पण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, त्यावर वैधानिक इशारा हवा, ब्रँडचं नाव किंवा पाकिटाचं चित्र नको आणि आत दिवा तर अजिबात नको. म्हणजे तो माणूस जे देतोय ते मुळातच बेकायदा. धाड पडली तर तो येणार नाही, नाव तुझं लागेल. शाळेपासून आपण शंभर यार्डांच्या बाहेर आहोत, मान्य. पण शाळेची वाट आपल्याच दारावरून जाते. आणि सुगंधी सुपारीच्या माळा वेफर्सच्या शेजारी, पोरांच्या नाकासमोर लोंबतात, त्या तरी मागे टाक.

दुसरं, चि. ओंकारचं. गेल्या मे महिन्यात मी आलो होतो तेव्हा गिऱ्हाईकाने नाव घ्यायच्या आत तो पाकीट काढून देत होता. सगळे ब्रँड, सगळे भाव तोंडपाठ. नववीतल्या पोराचं तुला कौतुक वाटलं, मला नाही वाटलं. अठराच्या आतल्याने तंबाखूचा माल हाताळायचाही नाही, असं २०११ पासून नियमातच आहे. त्याला बिस्किटं, तेल, साबण दे, वही-पेनांचा हिशेब दे. तो कोपरा तू किंवा वहिनी बघा.

धंदा बंद कर असं मी म्हणत नाही. मागेल त्याला दे, पण मांडून बसू नकोस.

कपाट हवंच असेल तर सुताराला माप देऊन खर्च विचार, लाकडाचा आणि मजुरीचा वेगळा. काच खालच्या फळ्यांनाच लावायची. दिवाळीआधी पैसे पाठवतो. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, तेही कळव.

तुझा,
सुहास