बुडणारा माणूस आणि एक गाणे

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

इंग्लिश गायक आणि ड्रमवादक फिल कॉलिन्स यांच्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्याविषयी तू फोनवर सांगितलेली गोष्ट तुझ्या जन्माआधीपासून फिरते आहे. एक माणूस बुडत होता, दुसरा काठावरून नुसता पाहत राहिला, कॉलिन्स यांनी ते दुरून पाहिले आणि पुढे त्या दुसऱ्याला मैफलीचे तिकीट धाडून, त्याच्यावर प्रकाशझोत टाकून हे गाणे म्हटले. २००० साली रॅपर एमिनेमच्या ‘स्टॅन’ या गाण्यामध्ये तिचा उल्लेख आल्यावर ती आणखी पसरली. कॉलिन्स यांनी मात्र ती वारंवार नाकारली आहे. बुडणाऱ्याला हात न देण्याची एक ओळ गाण्यात आहे, तेवढ्यावर हा डोलारा उभा आहे.

गाण्याचे खरे मूळ त्यांच्या घरात आहे. पहिले लग्न मोडल्यावर रिकाम्या झालेल्या त्या घरात ते सिंथेसायझर आणि रोलंड सीआर-७८ हे तालयंत्र घेऊन एकटेच बसू लागले. शब्द बहुतांशी माइकसमोरच सुचत गेले, त्यामुळे गाणे नेमके कशाविषयी आहे हे आपल्यालाही ठाऊक नाही, असे ते सांगतात. मात्र त्यातला संताप त्या घटस्फोटाचा आहे, हे त्यांनी लपवलेले नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ड्रम्सच्या आवाजाची हकीकत. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गेब्रिएल यांच्या १९८०मध्ये आलेल्या अल्बमचे काम चालू असताना, वादकांचे बोलणे ऐकू यावे म्हणून टांगलेला माइक चालू होता आणि कॉलिन्स ड्रम्स वाजवू लागले. त्या माइकच्या कॉम्प्रेसरने बारीक आवाज उचलून आणि मोठे दाबून सारी खोलीच गरजती केली. ध्वनिअभियंता ह्यू पॅजम यांनी तो घुमारा, तबल्याचा नाद तळव्याने दाबावा तसा, नॉइज गेटने, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणाऱ्या यंत्राने, एकाएकी तोडला. हाच आवाज पुढे या गाण्यात आला.

साडेतीन मिनिटांहून अधिक काळ केवळ तालयंत्र, सूर आणि दबलेला आवाज ऐकत राहिल्यावर ते ड्रम्स कोसळतात, तेव्हा ऐकणाऱ्याला यामागे एखादा गुन्हा असलाच पाहिजे असे वाटते. ती दंतकथा याच भीतीतून जन्मली, असे मला वाटते. म्हणून तू १९८१च्या ‘फेस व्हॅल्यू’ अल्बममधलेच ध्वनिमुद्रण ऐक. अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत एर्तेगुन यांच्या आग्रहावरून सिंगलमध्ये, म्हणजे सुट्या निघालेल्या तबकडीत, आधीपासूनच जादा ड्रम्स घातले गेले, आणि त्यामुळे हे वाट पाहणे तिथे उणावते.

तुझे बाबा