गोठलेल्या तळ्यावरचे इंजिन

फेअरबँक्स, अलास्का
१४ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र पोहोचले. निफाडला पारा ४ अंशांवर उतरला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात, मग तुम्ही उणे ३० अंशांत, जिथे विजेचा खांबही नाही अशा गोठलेल्या तळ्यावर विमानाचे इंजिन सुरू तरी कसे करता, असे तू विचारले आहेस. उत्तर वाचून हसशील. आम्हीही शेकोटीच पेटवतो, फक्त ती इंजिनाखाली असते.

आमच्या जुन्या सुपर कब या छोट्या विमानाला लायकॉमिंग कंपनीचे चार सिलिंडरांचे इंजिन आहे, आणि उणे १२ अंशांखाली ते आधी तापवावे असे कंपनीच सांगते. प्रश्न फक्त घट्ट झालेल्या तेलाचा आहे, असे पुष्कळांना वाटते. मलाही पहिली दोन वर्षे तसेच वाटत होते. खरे दुखणे आत आहे. ॲल्युमिनिअम थंडीने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसते, त्यामुळे इंजिनाचे ॲल्युमिनिअमचे कवच पोलादी क्रँकशाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, आवळले जाते, बेअरिंगमधली मुळातच केसाहून बारीक असलेली फट आणखी अरुंद होते, आणि नेमके तिथेच काकवीसारखे झालेले तेल शिरायला हवे असते. अशा स्थितीत इंजिन सुरू झाले, तरी पहिल्या मिनिटभरात त्याची जी झीज होते ती कित्येक तासांच्या उड्डाणातही होत नाही, असे इथले जुने मेकॅनिक सांगतात.

म्हणून तळ्यावर उतरलो की इंजिन गरम असतानाच त्यावर जाड गोधडीसारखे आवरण चढवायचे आणि बॅटरी काढून झोपडीत न्यायची. १९२० च्या दशकातले इथले वैमानिक तर तेलही गरम असतानाच डब्यात काढून घेत, रात्रभर ते शेगडीजवळ ठेवत आणि सकाळी पुन्हा गरम करून ओतत. सकाळी आवरणाच्या कडा बर्फापर्यंत सोडून तंबू करायचा, खाली पांढऱ्या पेट्रोलचा स्टोव्ह ठेवायचा आणि पत्र्याच्या नळीने त्याची ऊब इंजिनाच्या तळाशी पोहोचवायची. प्रोपेन सोयीचा खरा, पण तो उणे ४२ अंशांना उकळतो; कडाक्याच्या थंडीत सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मलूल होते. स्टोव्ह पेटवण्याआधी इंधनाचा कॉक बंद आहे आणि कार्ब्युरेटरमधून थेंबही गळत नाही, हे पाहायचे. त्यानंतर अग्निशामक हाताशी ठेवून तिथून हलायचे नाही, आणि तंबूत डोकेही घालायचे नाही, कारण आतली हवा विषारी असते. चहा आणायला गेलेल्यांची विमाने जळाली आहेत.

गेल्या डिसेंबरात मी घाई केली. तेव्हा इथे सूर्य जेमतेम पावणेचार तास दिसतो, त्यामुळे उजेड जाईल ही धास्ती होती. पाऊण तासात सिलिंडर हाताला कोमट लागले आणि मी स्टार्टर दाबला. इंजिन दोन-तीनदा खोकले आणि गप्प झाले. त्या दोन-तीन स्फोटांत तयार झालेली वाफ स्पार्क प्लगच्या टोकांवर गोठली होती, मग ठिणगी कुठून पडणार? सगळे पहिल्यापासून करावे लागले आणि ती रात्र झोपडीत काढावी लागली. तेव्हापासून मी सिलिंडरवर विश्वास ठेवत नाही. ठिणगीला वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोचा स्विच बंद असल्याची खात्री करून, तरीही पंख्याच्या फिरण्याच्या वाटेपासून अंग दूर ठेवून, मी पंख्याच्या मधल्या तुंब्याला हात लावतो. तो क्रँकशाफ्टलाच जोडलेला असल्याने तो उबदार लागला की ऊब गाभ्यापर्यंत पोहोचली, असे समजावे. याला दीड तास लागतो, कधी दोन.

तुझ्या जुन्या पितळी स्टोव्हची मला इथे सारखी आठवण येते. आमच्या स्टोव्हच्या पंपातही तसाच चामड्याचा वॉशर आहे. थंडीत तो कडक होतो आणि हवा भरत नाही. तुझी आई तो खोबरेल तेलात भिजवत असे, पण इथे खोबरेल बाटलीतच दगड होऊन बसते, म्हणून मी त्याला इंजिनाचेच तेल लावतो आणि रात्री तो खिशात ठेवून झोपतो.

घरी सर्वांना नमस्कार सांग. बागेचे काय झाले ते कळव.

तुझा,
जुना मित्र