सर्पदंशाच्या संशोधनाला पैसे कधी मिळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात आतल्या पानावर तीन-चार ओळींच्या बातम्या यायला लागतात, भात लावताना नाहीतर गवत कापताना साप चावला आणि शेतकरी गेला. एकेक बातमी वाचून आपण पान उलटतो, पण सगळ्या देशाचा हिशोब बघितला तर हादरायला होतं. २००० ते २०१९ या काळात भारतात साधारण १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज २०२० साली आला, म्हणजे वर्षाला ५८,००० च्या आसपास. आणि सरकारी नोंदीत २०१६ ते २०२० मधे वर्षाला सरासरी फक्त २,००० मृत्यू! एवढा फरक कसा, तर आधीच्या एका देशव्यापी पाहणीतच दिसलं होतं की सर्पदंशाने गेलेल्या चारातले तीन जण दवाखान्याबाहेरच गेले आणि जवळपास सगळे खेड्यातले होते. मग नोंद कोण करणार?

माझं म्हणणं हेच आहे की ज्या मरणाची नोंद नाही त्याच्या संशोधनाला पैसाही मिळत नाही. सरकारचा रिसर्चचा पैसा कुठला आजार किती माणसं मारतो, किती जणांना कायमचं अधू करतो हे बघून वाटला पाहिजे, पेशंट कुठे राहतो आणि त्याची ऐपत काय यावर नाही.

आता लसीचंच बघा. आपल्याकडे साप चावल्यावर द्यायची जी लस, म्हणजे विषावरचा उतारा, मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारच सापांवर आहे आणि तिच्यासाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीतून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष भागाप्रमाणे बदलतं, हे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलंय, त्यामुळे तिकडच्या विषावर बनलेली लस दुसऱ्या भागात तेवढी चालेलच असं नाही. मग कोकणातल्या फुरशावर, विदर्भातल्या घोणशीवर ती किती लागू पडते हे जिल्ह्याजिल्ह्यात तपासायला नको का? घोणस चावून वाचलेल्या माणसाची कधीकधी किडनी जाते, डायलिसिस लागतं, त्याचा तर कुठे हिशोबच नाही.

दुसरं म्हणजे कुठला साप चावला ते ओळखणारं किट. ऑस्ट्रेलियात वर्षाला सरासरी दोन माणसं सर्पदंशाने जातात आणि त्यांच्याकडे असं किट कित्येक दशकांपूर्वीच आलं. आपल्या सरकारी दवाखान्यात अजून काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात आणि गोठतं का बघतात. ही टेस्ट चांगली आहे, स्वस्त आहे, पण मण्यारीच्या विषाने रक्ताचं गोठणं बिघडत नाही, श्वास बंद पडतो, तिथे ती काही सांगत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा बऱ्याचदा त्याला कळतही नाही, पोटात दुखतंय म्हणून सकाळी उठतो.

आणि हे सगळं करायला फार मोठा पैसा लागतो असंही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे ब्लड प्रेशरचं साधं, स्वस्त औषध वापरून दाखवलं आणि जिथे गंभीर पेशंटपैकी शंभरात तीस-चाळीस दगावायचे तिथे ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. हे काम कोकणातल्या दवाखान्यात झालं, दिल्लीच्या लॅबमधे नाही. असे डॉक्टर आजही तालुक्याच्या ठिकाणी असतील, त्यांना छोटी ग्रँट, एक टेक्निशियन आणि नोंदी ठेवायला माणूस द्या ना!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मधे सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मधे केंद्राने २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचा आराखडा काढला आणि नोव्हेंबरमधे राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. चांगली गोष्ट आहे, पण नोंदीबरोबर संशोधनाचा पैसा आला पाहिजे. आपल्या राज्यात सर्पदंशाने शेतकरी गेला तर घरच्यांना दोन लाख मिळायची योजना आहे, ती हवीच, पण तो माणूस वाचावा म्हणून किती खर्च होतो?

माझी खासदारांना विनंती आहे की त्यांनी संसदेत एवढं विचारावं: आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, गेल्या पाच वर्षांत कुठल्या आजाराच्या संशोधनाला किती रुपये दिले आणि त्या आजाराने किती माणसं गेली. हे दोन्ही आकडे दरवर्षी शेजारी शेजारी छापायला लावा, मराठीतसुद्धा.

– एक वाचक, जि. रायगड