सासवड रस्त्यावरच्या वायरिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर असलं काही वाचत बसत नाही, पण दुकानातला पोरगा वाचून दाखवेल. हे चार लोकांसमोरच लिहायचं होतं. आमच्या पुरंदरातून रात्री माल भरून पुण्याच्या मार्केट यार्डाला निघणाऱ्या पिकअप कमी नाहीत, आणि त्यांतल्या कुणाच्या तरी डॅशबोर्डवर आजही अंधार असेल.

मीटरचे दिवे गेले तर काय बिघडतं, गाडी तर पळतेय ना, असं मला जो तो ऐकवत होता. सीताफळाची क्रेट भरलेली गाडी घेऊन मध्यरात्रीनंतर दिवेघाट उतरून बघा म्हणावं. वेग किती, इंजिनाच्या तापमानाचा काटा कुठं, डिझेल किती, काही म्हणजे काही दिसत नाही. मुलगा शेजारी बसून मोबाइलची बॅटरी मीटरवर धरायचा. तो उजेड समोरच्या काचेवर पडला की वळणावरचा रस्ताच दिसेनासा व्हायचा. तेव्हा पोटात जो गोळा यायचा तो अजून आठवतो.

तुमच्याकडे येण्याआधी बऱ्याच जणांचे उंबरे झिजवले. एकानं मीटर खोलून सगळे बल्ब बदलले, पैसे घेतले, दिवे लागले नाहीत. दुसऱ्यानं गाडीला हातही न लावता ‘अख्खा मीटर बदलावा लागेल’ म्हणून आकडा सांगितला. वर मला म्हणाला, ‘ताई, घरातल्या कुणा माणसाला पाठवा, त्याला समजावून सांगतो.’ गाडी मी चालवते, हप्ते मी भरते, आणि समजावून मात्र दुसऱ्याला सांगणार! सगळ्यात राग येतो तो तिसऱ्याचा. फ्यूज सारखा उडतोय म्हटल्यावर त्यानं मोठा फ्यूज ठोकून दिला. ‘आता उडायचं नाव घेणार नाही.’ दिवे थोडे दिवस लागले, मग डॅशबोर्डमागून प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि पुन्हा अंधार.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, ‘मागचे पार्किंगचे दिवे लागतात का?’ तोवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मला बटण दाबायला सांगून तुम्ही मागं गेलात. दोन्ही बाजूंना अंधार, नंबर प्लेटवरचा दिवाही बंद. ब्रेक दाबला की मात्र लाल भडक. म्हणूनच मागचं सगळं ठीक आहे असं आम्हाला वाटत राहिलं. ब्रेकची लाइन वेगळी, आणि मीटरच्या उजेडाची अन् मागच्या दिव्यांची लाइन या गाडीत एकच, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. ऐकलं आणि अंगावर काटा आला. म्हणजे इतक्या रात्री आम्ही घाटात असे जात होतो की ब्रेक दाबेपर्यंत मागून येणाऱ्या ट्रकला समोर गाडी आहे हेच कळू नये.

मग तुम्ही फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवलात. हिरवा, ३० अँपिअरचा. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर तिथं १० लिहिलेलं. म्हणजे तिथं १० चा, लाल रंगाचा हवा. ‘वायरीचा जीव वाचावा म्हणून फ्यूज मरतो. मोठा घातला की वायर जळते,’ असं म्हणालात. बटणाखालचा, वायरी जोडणारा कपलर वितळून काळा पडलेला दाखवलात. तेवढ्यावर काम थांबवता आलं असतं. पण मुळात १० चा फ्यूज उडत का होता, ते शोधायला तुम्ही पोतं टाकून हौद्याखाली शिरलात. क्लिप तुटल्यामुळं वायर चेसिसच्या कडेवर घासत होती आणि एका जागी आतली तार उघडी पडली होती. खड्ड्यात आदळलं की ती लोखंडाला टेकायची. मलाही वाकायला लावून ती जागा दाखवलीत. कुणा माणसाला पाठवा म्हणाला नाहीत.

पण काका, हे पत्र लिहायला लावलं ते त्यानंतरच्या गोष्टीनं. दिवस मावळला होता. तुम्ही शटर ओढलंत, स्कूटर काढलीत आणि म्हणालात, ‘ताई, तुम्ही व्हा पुढं, मी मागनं येतो. आदळल्यावर दिवे लुकलुकतात का ते उभ्या गाडीत कळत नाही.’ वडकीपर्यंत आरशात तुमच्या स्कूटरचा एकच पिवळट दिवा दिसत होता. स्पीडब्रेकर आला की तो जवळ यायचा, मग पुन्हा मागं राहायचा. घाटाच्या पायथ्याशी तुम्ही पुढं येऊन हात दाखवलात. ‘एकदाही गेले नाहीत. जावा निवांत.’ एवढं बोलून तुम्ही स्कूटर वळवलीत. तुमचं घर उलट्या दिशेला, हे मला नंतर पोराकडून कळलं.

त्या येण्याजाण्याचे पैसे तुम्ही लावले नव्हते. एकूण बिलही मीटर बदलण्याच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं नव्हतं. पैसे वाचले त्याचा आनंद आहेच. पण आपल्या हातून गेलेली गाडी रस्त्यावर नीट चालते का, याची काळजी असणारं माणूस भेटलं, त्यानं मन भरून आलं. पुण्यात हुशार मिस्त्री पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाच्या मागं तीन-चार मैल जाणारा मी दुसरा पाहिलेला नाही. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखी बाई रात्री भरली गाडी घेऊन निघू शकते.

आता एक कामाचं. माझ्या जावेच्या भावाच्या पिकअपचे मीटरचे दिवेही मधूनच जातात. त्याला बजावलंय, मोठा फ्यूज घालू नकोस, आधी मागं जाऊन दिवे बघ आणि सरळ काकांचं दुकान गाठ. सोमवारी येईल. त्याच्याबरोबर सीताफळाचं एक क्रेट पाठवतेय, ते माघारी धाडू नका. रिकामं झालं की क्रेट तेवढं दुकानात ठेवा, यार्डातून येताना मी घेऊन जाईन.

तुमची,
सासवडची पिकअपवाली ताई