गुन्हा कबूल करण्याआधी व्हिसाचं काय होणार ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत आपल्या एखाद्या मुलावर पोलीस केस झाली की घरचे, मित्र, रूममेट सगळे एकच सांगतात, वकील कर आणि मिटवून टाक. मग वकील सरकारी वकिलाशी बोलतो, जेल टळते, थोडं प्रोबेशन (जेलऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली राहणं) मिळतं, मुलगा गुन्हा कबूल असल्याच्या फॉर्मवर सही करतो आणि सुटलो म्हणून घरी येतो, पण ग्रीन कार्डवाला असो की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा, त्याच सहीमुळे पुढे देश सोडायची वेळ येऊ शकते, आणि हे आधी सांगणं क्रिमिनल वकिलाचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नाही.

हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंच २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या केसमध्ये सांगितलंय. पडिया मूळचे होंडुरासचे, ४० वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत कायदेशीर राहिलेले, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेले, ट्रक चालवायचे. गांजाच्या वाहतुकीची केस झाली तेव्हा वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहात, काळजी करू नका. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि डिपोर्टेशन, म्हणजे देशाबाहेर काढलं जाणं, जवळपास अटळ झालं. कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी वकिलाची चूक धरली, चुकीचं सांगणं तर सोडाच, गप्प बसणंही चालणार नाही असं बहुमताच्या निकालात लिहिलंय.

पण त्याच निकालात एक पळवाट राहिलीय. कायदा स्पष्ट असेल तर वकिलाने स्पष्ट सांगायचं, किचकट असेल तर नुसतं 'परिणाम होऊ शकतो' म्हटलं तरी पुरतं. मला हे अजिबात पटत नाही, कारण इमिग्रेशनचा कायदा किचकटच आहे आणि त्या एका वाक्यावरून कोणी काय ठरवायचं?

किती किचकट ते बघा. १९९६ च्या कायद्यानंतर चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा झाली की तो इमिग्रेशनच्या भाषेत गंभीर गुन्हा ठरतो, शिक्षा स्थगित असली, एक दिवसही आत काढला नसला तरी. ३६४ दिवसांची असेल तर त्या कलमात बसत नाही. एका दिवसाचा फरक, आणि तो सरकारी वकिलाशी बोलून मिळवता येतो, पण आपल्या वकिलाला माहीत असेल तरच ना! न्यूयॉर्कने २०१९ मध्ये छोट्या गुन्ह्यांची कमाल शिक्षाच ३६४ दिवसांवर आणली ती यासाठीच. तसंच डायव्हर्जन प्रोग्रॅमचं. आधी गुन्हा कबूल करून घेतात, काही अटी घालतात, त्या पाळल्या की केस रद्द. राज्याच्या लेखी तुम्ही स्वच्छ, इमिग्रेशनच्या लेखी मात्र तो कन्व्हिक्शनच, म्हणजे गुन्हा सिद्ध झालेलाच, राहतो. नवरा-बायकोच्या भांडणात हात उगारल्याच्या केसेस अशाच 'मिटवल्या' जातात म्हणून हे जास्त कळकळीने लिहितेय.

२०१७ मध्ये मेम्फिसच्या ली नावाच्या कोरियन रेस्टॉरंटवाल्याला सुप्रीम कोर्टाने अशाच चुकीच्या सल्ल्यावर दिलेली कबुली मागे घेऊ दिली, पण ते सगळं कितीतरी वर्षं लढल्यावर. त्यापेक्षा सहीच्या आधी क्रिमिनल वकिलाला सांगा की इमिग्रेशन वकिलाशी बोला आणि सल्ला ईमेलवर लेखी द्या. पैसे नसतील तर क्रिमिनल कोर्टात जेल होऊ शकेल अशा केसमध्ये सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यालाही हाच नियम लागू आहे, त्यालाही विचारा. इमिग्रेशन कोर्टात तसा वकील मिळण्याचा हक्क नाही, तिथे स्वतःच्या खर्चाने करा नाहीतर एकटे उभे राहा.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी