लॅरमीहून पत्र

लॅरमी, वायोमिंग
15 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते, पण आई 'बरं बाई' म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा हवापाणी विचारतात. म्हणून लिहितेय. आधी खुशाली. मी ठणठणीत आहे. बाहेर उणे वीस असलं तरी खोलीत मी सुती कुर्त्यात वावरते. हे गाव कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच, पाणी त्र्याण्णव अंशांच्या आतच उकळतं, पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. आई, मी नको नको म्हणत असताना तू बॅगेत कोंबलेला कुकर, त्याच्यावरच माझा संसार चाललाय. तूरडाळ डेन्वरहून येते. दोन-सव्वादोन तासांवर आहे, कुणाची ना कुणाची गाडी जातेच.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात एमएस संपेल, पण मी कायमची परत येत नाहीये. इथेच पीएचडी घेतलीय. शुक्रवारी सही करून पत्र दिलं. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही दोघं 'जा' म्हणाला असतात आणि मग दोन दिवस एकमेकांशीही बोलला नसतात. चिडा माझ्यावर, पण जेवण टाकू नका.

पैशाची काळजी नको. फी माफ आहे, आठवड्याला वीस तास विभागात काम करायचं, त्या पगारात राहणं-खाणं निघतं. वरच्या शेताला कुणी गिऱ्हाईक बघायचं नाही.

'गवत शिकायला अमेरिका कशाला' हे मामा अजून म्हणत असेल. त्याला सांगा, हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी माळरानांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. आणि इथल्यांनीही एकेकाळी माळ चारून चारून उघडे पाडले होते, तेव्हा 1934 साली कायदा करून चराईला परवाने लावावे लागले. आपल्याकडे कागदावर गायरान म्हणजे 'पडीक'. पडीक! ज्या माळावर धनगरांची मेंढरं जगतात, आणि तीच मेंढरं आपल्या रानात बसवून आपण खत घेतो.

काम सांगते. माळावर लोखंडी चौकट टाकायची, आतलं गवत कात्रीनं कापायचं, कागदी पिशवीत भरून भट्टीत वाळवायचं, वजन करायचं. त्यावरून किती गुरं किती दिवस चरतील ते काढायचं. पाच मेंढ्या म्हणजे एक गाय, असा हिशोब. साधारण निम्मं चारायचं, निम्मं राखायचं, कारण निम्म्याच्या वर पाला गेला की मुळांची वाढ थांबते. हे चारा छावणीच्या साली आपल्याला कुणी सांगितलं असतं तर चंद्रीला... असो. बाबा, तुम्ही म्हणाल पाऊसच नव्हता. नव्हताच. पण माळ त्याच्या आधीच संपला होता.

गेल्या जुलैत एक गवत भेटलं, इथे त्याला 'सुई-दोरा' म्हणतात. हुबेहूब आपली कुसळी. लांब शेपटी, ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की परत बसतो, तसं करत बी आपलं आपण जमिनीत शिरतं. माझ्या मोज्यांत शंभर तरी घुसली होती. गाडीच्या मागे बसून एकेक काढत होते आणि एकदम आपला ओटा आठवला. बाबा चष्मा कपाळावर सारून माझ्या परकराच्या काठातली कुसळं काढतायत, आणि आई आतून ओरडतेय की उद्यापासून पोरगी माळावर जाणार नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हीच न्यायचात. मग आता मी तरी काय करू?

डिसेंबरात तीन आठवडे येते. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र उन्हाळा लागायच्या आतच झालेलं पाहिजे. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. आईनं गुडघ्याला नुसतं तेल चोळत बसायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करायचे. भांड्यांना बाई लावा, पैसे मी पाठवते. 'आपलीच चार भांडी' हे ऐकून घेणार नाही.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, शुगरच्या रिपोर्टची दोन्ही पानं पाठवा. मागच्या वेळी दुसरं पान कुठे गेलं ते मला कळलंय. आईवर रागावू नका, तिनं सांगितलं नाही.